स्क्रीनला बोट का कळत नाही?

निन्टेंडोच्या २००४ सालच्या डीएस या हातात धरायच्या गेम यंत्राची खालची स्क्रीन दाबावर चालते. वर लवचीक प्लास्टिकचा पापुद्रा, खाली काच, दोन्हींवर विद्युतवाहक थर आणि मध्ये बारीकशी फट. स्टायलस टेकवला की थर एकमेकांना भिडतात आणि तिथल्या व्होल्टेजवरून स्पर्शाची जागा ठरते. म्हणून तिथे नखही चालते. पण कडेच्या फटीत बिस्किटाचा कण अडकला, तर तोच सतत दाबत राहतो आणि खऱ्या स्पर्शाचा पत्ता लागत नाही. कड कोरड्या, मऊ ब्रशने साफ करा. नेम तरीही चुकत असेल, तर सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन करा.

निन्टेंडोच्याच २०१७ च्या स्विच या गेम यंत्राचा कारभार वेगळा. तिथे बोट जवळ आले की स्क्रीनच्या विद्युतक्षेत्रात फरक पडतो. दाबाचा संबंधच नाही. घामट बोटे, पाण्याचा थेंब, कडेने सुटलेला स्क्रीन गार्ड, एवढ्यानेही गोंधळ उडतो. चिडून जोरात दाबणारे (घरोघरी असतात) फक्त स्क्रीनचे हाल करतात. आधी पुसा, मग यंत्र पूर्ण बंद करून सुरू करा. नुसते स्लीपवर टाकणे पुरत नाही. आणि दुरुस्तीवाल्याकडे धावण्याआधी होम मेनूत बोट चालते का ते पाहा, कारण कित्येक गेम स्पर्श मुळी वापरतच नाहीत.