शाब्बास आणि ब्राव्हो

आमच्या नगर जिल्ह्यात गावोगावी यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो. एखाद्या पोराने चितपट कुस्ती मारली, की कडेने आरोळी उठते, ‘शाब्बास रे पठ्ठ्या!’ इटलीत ऑपेराचा गायक जीव ओतून गायला, की प्रेक्षक ‘ब्राव्हो!’ म्हणून ओरडतात. दोन्ही शब्दांचे काम एकच दिसते. खोलात गेल्यावर मात्र मला त्यांत मोठा फरक आढळला.

शाब्बास मूळचा फारसी. ‘शाद बाश’ म्हणजे ‘आनंदी राहा’. म्हणजे हे कौतुक नव्हेच, आशीर्वाद आहे! बहमनी आणि पुढे निजामशाही अमलात (१४९० ते १६३६) दरबाराची भाषा फारसी होती. इतिहासकार फिरिश्ता नगरच्याच दरबारात वाढला. अर्ज, फौज, हजर हे शब्द त्या भाषेतून आपल्याकडे आले, तसाच हाही. कागदावरची फारसी पुढे हटली, तोंडातला शाब्बास राहिला.

ब्राव्होची कुळकथा याहून रांगडी आहे. जुन्या इटालियनमध्ये त्याचा अर्थ दांडगा, बेफाम. सोळाव्या-सतराव्या शतकांत सरदारांच्या पदरच्या भाडोत्री गुंडांनाच ‘ब्राव्ही’ म्हणत. मान्झोनीच्या प्रसिद्ध कादंबरीत ते सुरुवातीलाच वाट अडवून उभे असतात. दांडग्याचा शूर झाला, शूराचा कुशल, आणि कुशल माणसाला लोक ‘ब्राव्हो’ म्हणू लागले. अठराव्या शतकात ऑपेराबरोबर हा शब्द युरोपभर गेला.

इटालियन माणूस तो लिंगवचनाप्रमाणे चालवतो. एक पुरुष असेल तर ब्राव्हो, एक स्त्री असेल तर ब्राव्हा, अनेक पुरुष ब्राव्ही, अनेक स्त्रिया ब्राव्हे. बाहेरचे लोक गायिकेलाही ‘ब्राव्हो’ म्हणतात, ते इटालियन कानाला खटकते. आपला शाब्बास पोरीला, पोराला, सगळ्या वर्गाला तोच. बाकी रोजचा वापर थेट आपल्यासारखा. बाळाने ताटली संपवली तर ब्राव्हो, आणि तीच ताटली खाली पाडून फोडली तरी कपाळाला आठ्या घालून ब्राव्हो! आपण दूध सांडणाऱ्या पोराला ‘शाब्बास!’ म्हणतो, तो हाच सूर.

खरी मेख पुढे आहे. इटलीत मुलगी आईला ‘ब्राव्हा, मम्मा’ सहज म्हणते. आपला शाब्बास वरून खाली येतो. वस्ताद पठ्ठ्याला म्हणेल, मास्तर पोराला म्हणतील, धनी गड्याला म्हणेल. उलट दिशेने तो चालत नाही. शाबासकी पाठीवर थोपटून देतात. थोरामोठ्यांच्या पाठीवर कोण थाप मारणार? दरबाराची पायरी शब्दाला अजून चिकटून आहे, असे माझे मत.

मग आपल्याहून थोर कलावंताला दाद कशी द्यायची? गवयापुढे ‘वा!’ किंवा ‘क्या बात है!’ चालते, तेही उसनेच. ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आले आणि पुढे संगीत नाटकांच्या थेटरांत ‘वन्स मोअर’ घुमू लागला. गंमत अशी, की इंग्रज प्रेक्षक स्वतः तिथे फ्रेंच ‘आँकोर’ ओरडतो, आणि इटालियन ‘बिस’ ओरडतो, म्हणजे लॅटिनमधले ‘दोनदा’. वन्स मोअरमध्ये ‘पुन्हा म्हणा’ एवढीच मागणी आहे, पाठीवर थाप नाही. म्हणून तो आपल्याकडे रुजला असावा, असा माझा तर्क.

हे सगळे मी पुस्तकांत शोधू लागलो, त्याला कारण घरातले. नव्वदच्या दशकात गावात साक्षरतेचे वर्ग निघाले. आई रात्री भाकरी उरकून कंदील घेऊन जायची. एके दिवशी तिने पाटीवर आपले पूर्ण नाव लिहून माझ्यापुढे धरले. मी चटकन म्हणालो, ‘शाब्बास, आई!’

ती हसली, पण पाटी खाली ठेवत म्हणाली, ‘आता तू मला शाबासकी देनार व्हय रं?’

मला तिथे दुसरा शब्द सुचला नाही. पाटी उचलून मी ते नाव मोठ्याने वाचून दाखवले. तिने पुन्हा वाचायला लावले.