उलटे अंक, सुलट पाया

‘एक ते शंभर’ घडाघडा म्हणणारं मूल ‘सातच्या आधी काय?’ विचारल्यावर अडलं, तर पुन्हा एकपासून मोजू लागतं. ते पाठ झालेलं असतं, मोजणं अजून यायचं असतं. उलट मोजता आलं की वजाबाकीची वाट सोपी होते: नऊमधून तीन काढायचे तर आठ, सात, सहा.

यासाठी गणितमाळ उत्तम. शंभर मणी, दर दहाला रंग बदललेला. आधी पाच ते एक, मग दहा ते एक. तोंडाने अंक म्हणताना बोटाने एकेक मणी मागे सरकवायचा. पुढे कोणत्याही मण्यापासून सुरुवात करावी. खरी अडचण रंग बदलतो तिथे, तीसवरून मागे येताना. तिथे मराठीच मदतीला येते: एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. हीच खूण एकोणनव्वदपर्यंत चालते. नव्व्याण्णव मात्र वेगळं.

बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचनही दिलं. त्यावर वाद बराच झाला, पण दशक आधी ऐकू येणं लहानग्यांच्या सोयीचंच आहे. घरात दोन्ही रीती वापरा आणि अडलेल्या मुलाला उत्तर सांगण्याआधी थोडं थांबा.