किकच्या आधीची फेक

२२ नोव्हेंबर २००३. रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं हे चित्रण मी लावतो, ते इंग्लंडच्या विल्किन्सनच्या निर्णायक ड्रॉप गोलच्या जरा आधी थांबवण्यासाठीच. सिडनी, जादा वेळ, १७-१७ बरोबरी, पावसाने निसरडा झालेला चेंडू. इंग्लंडचा लाइनआउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू परत आत फेकायचा. बाजूच्या रेषेवर, फेकायला, हूकर स्टीव्ह थॉम्पसन.

हे काम बघायला कुणी तिकीट काढत नाही. दोन संघांच्या रांगांमध्ये जेमतेम मीटरभराचं बोळ, चेंडू त्यातून सरळ गेला पाहिजे. कोण उडी मारणार ते सांकेतिक बोलीत ठरलेलं असतं. साथीदार त्याला अजून उचलतच असतात, तोवर त्याचे हात जिथे पोचणार तिथे चेंडू सोडून द्यायचा. जवळची फेक सोपी असते. थॉम्पसनने पार रांगेच्या शेवटी, लुइस मूडीला फेकली. दोन्ही हात डोक्यामागे, मग सगळं अंग पुढे. (सुरुवातीला हा गडी हूकर नव्हे, फ्लँकर होता, फेक नंतर घोटून घेतलेली.) मूडीने चेंडू झेलला, साथीदारांपैकी डॉसन घुसला, जॉन्सनने धडक दिली आणि विल्किन्सनने उजव्या, म्हणजे त्याच्या कच्च्या पायाने २०-१७ केलं.

थॉम्पसनला यातलं काही आठवत नाही. वयाच्या ४२व्या वर्षी त्याला डिमेन्शिया झाल्याचं २०२०मध्ये जाहीर झालं. कधीकधी बायकोचं नावही सुचत नाही, असं तो सांगतो.

डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या दणक्यांना यासाठी जबाबदार धरलं जातं, आणि त्यात माझा रोख सामन्यांपेक्षा सरावावर आहे. रग्बी १९९५मध्ये व्यावसायिक झालं आणि आठवडाभर धडका घेणं ही नोकरी झाली. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ वाकून एकमेकांना भिडतात आणि रेटतात तेव्हा, हूकर पुढच्या रांगेत मधोमध, दोन्ही हात शेजारच्यांच्या खांद्यांवर अडकलेले, त्यामुळे दणका मानेने आणि डोक्यानेच सोसायचा. सरावाला समोर माणसांऐवजी स्क्रम मशीन. त्यावर आदळून डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं आणि बाकीचे म्हणायचे, उठेल जरा वेळाने, हे त्यानेच सांगितलंय. २००७मध्ये मानेच्या दुखापतीने तो निवृत्त झाला, परत आला, २०११मध्ये कायमचा थांबला. तोवर इंग्लंडसाठी ७३ सामने झाले होते.

२०१३पासून स्क्रमच्या आज्ञा बदलल्या: आता आधी धरायचं, मग भिडायचं. दणका कमी झाला. थॉम्पसन इतर माजी खेळाडूंसोबत खेळाच्या संघटनांविरुद्ध कोर्टात गेला आहे, आणि मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी द्यायचं त्याने २०२१मध्येच कबूल करून ठेवलं आहे.