जुन्या रेझिन-संचातून शर्यतीची मोटार

मोठ्या वस्तूची ठरावीक प्रमाणात लहान केलेली हुबेहूब प्रतिकृती तयार करणे, हा अनेक देशांत जोपासला जाणारा छंद आहे. मोटारींच्या बाबतीत १:४३ हे प्रमाण विशेष रूढ आहे; म्हणजे मूळ मोटारीतील ४३ सेंटिमीटर अंतर प्रतिकृतीत एक सेंटिमीटर होते. फ्रान्समधील बुगाटी कारखान्याची 'टाइप ३५' ही मोटार १९२४ साली ल्याँ येथील शर्यतीत प्रथम उतरली. तिच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर २.४ मीटर होते. प्रतिकृतीत ते सुमारे ५६ मिलिमीटर भरावयास हवे.

अशा मोटारींचे जुने संच बहुधा रेझिनचे, म्हणजे कृत्रिम राळेचे असत. दोन द्रव एकत्र करून सिलिकॉन रबराच्या साच्यात ओतले की थोड्याच वेळात ते घट्ट होतात. असा साचा लवकर झिजतो. त्यामुळे एका साच्यातून थोडेच संच निघत, आणि अखेरच्या ओतीव भागांच्या कडा बोथट उतरत. घट्ट होताना रेझिन किंचित आकसतेही. म्हणून काम आरंभण्यापूर्वी पट्टी लावून मोजमाप घेणे श्रेयस्कर.

साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर राहिलेला असतो. तो साबणाच्या पाण्याने धुतला नाही, तर रंग धरत नाही. वर्षानुवर्षे खोक्यात पडून वाकलेला आस गरम पाण्यात बुडविला की मऊ होतो. तो सरळ करून लगेच थंड पाण्यात धरावा. हवेच्या बुडबुड्यांची छिद्रे लांबीने बुजवितात आणि पॉलिश पेपरने घासतात. घासताना कागद ओला ठेवणे व नाकातोंडावर मास्क बांधणे अत्यावश्यक आहे, कारण रेझिनची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. प्लॅस्टिकच्या संचांसाठीचा नेहमीचा गोंद येथे निरुपयोगी ठरतो; तो प्लॅस्टिक विरघळवून जोडतो, रेझिन विरघळवीत नाही. त्याऐवजी इपॉक्सी वापरावे लागते.

हे सारे हाताचे कौशल्य झाले. खरी कसोटी लागते ती रंगाच्या वेळी. त्या काळी शर्यतीच्या मोटारींना देशानुसार रंग असत: फ्रान्सचा निळा, इटलीचा तांबडा, ब्रिटनचा हिरवा. बुगाटी फ्रान्सची, तेव्हा ती निळी, असे कोणीही सहज म्हणेल. परंतु १९२९ साली मोनाको येथील पहिली ग्रां प्री शर्यत विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स या ब्रिटिश चालकाने ज्या टाइप ३५बी बुगाटीतून जिंकली, ती हिरवी होती. कृष्णधवल छायाचित्रात मात्र हिरवा काय नि निळा काय, दोन्ही करडेच दिसतात! त्यामुळे केवळ छायाचित्रावर विसंबून चालत नाही. त्या शर्यतीविषयीचे लिखित वर्णन शोधून वाचावे लागते.

रंग वाळल्यावर त्या मोटारीचा १२ हा क्रमांक चिकटवावयाचा असतो. संचातील क्रमांकांचे कागद बहुधा पिवळे पडलेले असतात, आणि पाण्यात टाकताच त्यांचे तुकडे होण्याचा संभव असतो. त्यावर आधी पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. मग कागद कोमट पाण्यात भिजवून, चिमट्याने न ओढता, कुंचल्याच्या टोकाने क्रमांक हळूच मोटारीवर सरकवावा.