क्लिकच्या अलीकडे, क्लिकच्या पलीकडे

खेळाचा एखादा गाजलेला फोटो समोर आला की बहुतेकांच्या तोंडून दोनच गोष्टी निघतात. एक, ‘काय नशीब बघा, नेमका क्षण सापडला’. दुसरी, ‘कॅमेरा कुठला होता?’ नामवंतांच्या व्यक्तिचित्रांबाबत तिसरं ऐकू येतं: असा चेहरा समोर बसला तर फोटो कुणीही काढेल. या तिन्ही समजुतींच्या मुळाशी एकच कल्पना आहे, की फोटोग्राफी म्हणजे बटण दाबण्याची क्रिया. क्रीडाछायाचित्रण आणि व्यक्तिचित्रण यांवर पोट असलेल्या माणसाचं काम नीट पाहिलं, तर बटण दाबणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग निघतो. मोठा भाग त्याआधी होऊन गेलेला असतो आणि उरलेला त्यानंतर सुरू होतो. या दोन्हींकडे दुर्लक्ष होतं, आणि त्याची किंमत फोटोग्राफरला मानधनातही मोजावी लागते.

आधी यंत्राबद्दल. आजचे कॅमेरे सेकंदाला वीस-तीस फोटो सहज काढतात, मग बटण दाबून धरलं की झालं, असं वाटणं स्वाभाविक आहे. जरा हिशेब करून पाहू. ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू एका सेकंदात सुमारे ३९ मीटर जातो. कॅमेरा सेकंदाला २० फोटो काढत असेल तर एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत चेंडू जवळजवळ दोन मीटर पुढे सरकलेला असतो. हलतं दृश्य गोठवण्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा दोन हजारावा भाग ठेवला, तर वीस फोटो मिळून त्या सेकंदाचा फक्त एक टक्का वेळ कॅमेऱ्यात येतो. नव्व्याण्णव टक्के वेळ दोन फोटोंच्या मधल्या फटीत निसटतो. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेला ए-नाइन थ्री सेकंदाला १२० फोटो काढतो. तिथेही हा आकडा सहा टक्क्यांवर थांबतो आणि दोन फोटोंमध्ये चेंडू बत्तीस सेंटिमीटर जातो. बॅट-चेंडूची गाठ त्या फटीत पडली तर महागातला महाग कॅमेराही ती दाखवू शकत नाही.

शिवाय बटण कधी दाबायला सुरुवात करायची, हे कॅमेरा सांगत नाही. गोलंदाजाच्या हातून सुटलेला वेगवान चेंडू फलंदाजापर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात पोहोचतो. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. म्हणजे फटका दिसल्यावर बटण दाबणारा फोटोग्राफर उशीरच करतो. त्याला फटका आधी ओळखावा लागतो: कुठला फलंदाज आखूड चेंडूवर हूक मारल्याशिवाय राहत नाही, कर्णधाराने डीप स्क्वेअर लेगला माणूस का धाडला, यष्टिरक्षक पुढे का आला. हे खेळाचं ज्ञान आहे, कॅमेऱ्याचं नाही. नव्या कॅमेऱ्यांनी फोकसचं काम खूपच सोपं केलं, हे मान्यच. पण ती सोय शेजारी बसलेल्या प्रत्येक फोटोग्राफरला सारखीच मिळते. फोटोंमधला फरक राहतो तो दुसऱ्या कशामुळे तरी.

तो कशामुळे राहतो, हे समजण्यासाठी २५ मे १९६५ ची मुष्टियुद्धाची लढत पाहावी. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या ल्यूइस्टन गावी महंमद अली आणि सॉनी लिस्टन समोरासमोर आले आणि पहिल्याच फेरीत लिस्टन आडवा झाला. त्याच्या अंगावर ओरडणारा, उजवा हात छातीपाशी आवळलेला अली, हे नील लायफर या बावीस वर्षांच्या फोटोग्राफरने टिपलेलं रंगीत चित्र आज जगभर ओळखलं जातं. नशिबाची बाजू घेणाऱ्यांना या फोटोत भक्कम पुरावा मिळतो, आणि तो टाळता कामा नये. फोटोत अलीच्या दोन पायांमधून रिंगच्या पलीकडे बसलेला एक फोटोग्राफर दिसतो. तो हर्ब शार्फमन, लायफरसारखाच ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या नियतकालिकासाठी काम करणारा आणि त्याच्यापेक्षा कितीतरी अनुभवी. त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. लिस्टन कुठल्या बाजूला पडणार, हे दोघांपैकी कुणाच्याही हातात नव्हतं. लायफरनेही आपण योग्य बाजूला होतो हे कधी लपवलेलं नाही.

मग हे नशीबच नाही का? बाजू नशिबाने दिली, फोटो नाही. रिंगच्या वर टांगलेले मोठे फ्लॅश लायफरच्या कॅमेऱ्याशी जोडलेले होते आणि एकदा पेटल्यावर ते पुन्हा भरायला काही सेकंद लागत. म्हणजे धडाधड फोटो काढत सुटण्याची मुभाच नव्हती. त्या घडीसाठी हातात एकच फोटो होता. ठोसा बसताना घाईने बटण दाबलं असतं, तर अली लिस्टनवर ओरडत असताना दिवे रिकामे असते. चौकट कशी ठेवायची, अंतर किती, दिवे किती प्रखर, हे सगळं घंटा वाजण्यापूर्वीच ठरलेलं होतं. असोसिएटेड प्रेसचा जॉन रूनी त्याच बाजूला होता, त्यानेही जवळपास तोच क्षण कृष्णधवल टिपला आणि वर्ल्ड प्रेस फोटोचं बक्षीस मिळवलं. एकाच बाजूला बसलेले दोघे जण तयार होते आणि दोघांनाही फोटो मिळाला. तयार नसलेल्याला तीच जागा देऊन काय मिळालं असतं?

लायफरने पुढे जे केलं ते मला त्या फोटोपेक्षाही जास्त बोलकं वाटतं. १४ नोव्हेंबर १९६६ रोजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये अली आणि क्लीव्हलँड विल्यम्स यांची लढत होती. तिथला दिव्यांचा सांगाडा रिंगपासून सुमारे ८० फूट उंच होता. लायफरने त्यात थेट खाली पाहणारा कॅमेरा बसवला आणि तो दुरून चालवण्याची सोय केली. एरवी असे सांगाडे बरेच खाली असतात, तिथून रिंग पकडायला खूप रुंद लेन्स लावावी लागते आणि कडा वाकतात. या उंचीवरून मात्र रिंग तंतोतंत चौकोनी आली. कोण कुठल्या बाजूला पडतो हा ल्यूइस्टनचा प्रश्नच त्याने मिटवून टाकला, कारण वरून पाहताना सगळ्या बाजू सारख्याच. फोटोत विल्यम्स हात-पाय पसरून उताणा पडलाय, अली हात वर करून कोपऱ्याकडे चाललाय, आणि रिंगच्या कडेला खुद्द लायफर बसलेला दिसतो. विल्यम्स कसा पडावा हे अर्थात त्याच्या हाती नव्हतं. नशीब उरलंच, पण त्याच्यावर सोडलेला भाग लायफरने जाणूनबुजून कमी करत आणला होता.

‘योग्य जागा’ म्हणजे नेमकं काय, ते आपल्या ओळखीच्या मैदानावर पाहता येतं. खेळपट्टी सहसा उत्तर-दक्षिण असते, म्हणजे सूर्य फलंदाजाच्या किंवा गोलंदाजाच्या डोळ्यांवर येत नाही. उत्तरेकडून गोलंदाजी चालू असेल तर उजव्या हाताच्या फलंदाजाची छाती आणि चेहरा पूर्वेकडे असतो. षटक संपलं की दुसऱ्या टोकाला खेळणारा उजव्या हाताचा फलंदाज पश्चिमेकडे तोंड करतो. डावखुरा आला की सगळं उलट. त्यात दुपारनंतर पूर्वेला बसलेल्याच्या डोळ्यांसमोर ऊन येतं आणि हेल्मेटच्या जाळीमागचा चेहरा काळोखात जातो; पश्चिमेला बसलेल्याला उजेड चांगला मिळतो, पण निम्म्या षटकांत उजव्या हाताच्या फलंदाजाची पाठच पाहावी लागते. साइटस्क्रीनच्या आसपास षटक चालू असताना हलता येत नाही. म्हणून सीमारेषेबाहेर जवळपास तीन किलोची ४०० मिलिमीटरची लेन्स मोनोपॉडवर टेकवून बसलेला माणूस दिसतो तेव्हा त्याने एक पैज आधीच लावलेली असते: कुठलं टोक, कुठला फलंदाज, दिवसाचा कुठला प्रहर.

आणि ही पैज लावायला आधी आत शिरायला मिळालं पाहिजे. चांगला कॅमेरा घेतला की मैदान खुलं, हाही एक गैरसमज. लायफर पोरवयात यँकी स्टेडियममध्ये शिरायचा तो अपंग माजी सैनिकांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलत. २८ डिसेंबर १९५८ ला, आपल्या सोळाव्या वाढदिवशी, बाल्टिमोर कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या ॲलन अमिचीने जादा वेळेत केलेला निर्णायक टचडाउन त्याने याच वाटेने आत शिरून टिपला. आता असं शिरता येत नाही. प्रवेशपत्रावर सगळं ठरतं, आणि ते देणारी संघटना खेळाचे हक्कही विकत असते. २०१२ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा क्रिकेट नियामक मंडळाने गेटी इमेजेससारख्या छायाचित्रसंस्थांना प्रवेशपत्रं नाकारली. त्याच्या निषेधार्थ रॉयटर्स, एपी आणि एएफपी या वृत्तसंस्थांनी मालिकेच्या वार्तांकनावर बहिष्कार घातला. वानखेडेवर केविन पीटरसनने १८६ धावा काढल्या, माँटी पानेसरने सामन्यात ११ बळी घेतले. इंग्लंडने भारतात जिंकलेल्या त्या दुर्मीळ मालिकेतला हा कळीचा सामना जगातल्या या नावाजलेल्या संस्थांच्या फोटोग्राफरांशिवाय झाला. कौशल्याची कमतरता कुठेच नव्हती. दार बंद होतं.

व्यक्तिचित्रात तरी सगळं फोटोग्राफरच्या ताब्यात असतं ना? अनेकांना तसं वाटतं, आणि मैदानावरचा फोटोग्राफर व स्टुडिओतला फोटोग्राफर या दोन वेगळ्या जाती आहेत असंही मानलं जातं. पण लायफरने अलीला रिंगमध्ये जसं टिपलं तसं स्टुडिओतही अनेकदा टिपलं. फोटोग्राफर वॉल्टर योसचंही नाव दोन्हींसाठी घेतलं जातं. दोन्हीकडे लागते ती एकच सवय: माणूस समोर येण्याआधी फोटो बांधून ठेवणं. ३० डिसेंबर १९४१ ला ओटावाच्या संसदेत विन्स्टन चर्चिल भाषण करून बाहेर आला तेव्हा फोटोग्राफर युसूफ कार्शने सभापतींच्या दालनात दिवे आदल्या संध्याकाळीच लावून ठेवले होते. चर्चिलला फोटोची कल्पना नव्हती आणि त्याने वेळ दिला तोही अगदी थोडा. कार्शने त्याच्या तोंडातला सिगार काढून घेतला, ही गोष्ट सगळे सांगतात. आदल्या संध्याकाळचे दिवे कुणी सांगत नाही. त्या दिव्यांशिवाय चर्चिलचा तो संतापलेला चेहरा कार्शला दिसला असता, फिल्मवर तसा आला नसता.

चेहऱ्यासाठीही जागाच महत्त्वाची. चांगल्या लेन्सने चेहरा देखणा येतो, असं सर्रास ऐकू येतं. खरं तर नाकाडोळ्यांचं प्रमाण ठरतं ते अंतरावर. नाकाचं टोक कानापेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतं. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला तर कान ४२ वर जातो, म्हणजे कानाच्या मानाने नाक चाळीस टक्के मोठं दिसतं. दोन मीटरवर उभं राहिलं तर हाच फरक सहा टक्क्यांवर येतो. पोर्ट्रेटची म्हणून विकली जाणारी ८५ मिलिमीटरची लेन्स तुम्हाला मागे सरकायला लावते, म्हणून चेहरा बरा येतो. मोबाइलवर हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं त्याचं कारणही हेच.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. सगळं आधी रचून ठेवायचं, तर तो बनाव नाही का? योसने १९८७ मध्ये मायकल जॉर्डनचा एक फोटो काढला. इलिनॉयमधल्या लाइल गावातल्या एका वाहनतळाचं डांबर निळ्या रंगाने रंगवलं, स्वतः वर चढला आणि लाल पोशाखात बास्केटकडे झेपावणाऱ्या जॉर्डनला वरून टिपलं; खाली निळ्या जमिनीवर त्याची सावली स्वच्छ पडली. हा सामना नव्हता आणि तसा दावाही कुणी केला नाही. ही जॉर्डनच्या उडीची व्यक्तिरेखा होती. बनाव ठरतो तो दावा खोटा असेल तेव्हा. बातमीच्या फोटोत कडा कापता येतात, उजेड थोडा सावरता येतो, पण चेंडू इकडचा तिकडे करता येत नाही, मागचा माणूस पुसता येत नाही. जाहिरातीच्या फोटोत जमीन रंगवायलाही हरकत नाही. सकाळी सामना आणि दुपारी जाहिरात करणाऱ्या फोटोग्राफरला ही सीमारेषा पक्की सांभाळावी लागते, आणि माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात अवघड शिस्त हीच आहे.

क्लिकच्या पलीकडचं काम तर बघणाऱ्याच्या गावीही नसतं. सामना चालू असतानाच शेकडो फोटोंतून मोजके निवडायचे, कापायचे, फोटोओळ लिहायची आणि काही मिनिटांत डेस्ककडे धाडायचे. फोटोओळीत नाव चुकलं तर उत्तम फोटोही निरुपयोगी, कधी धोकादायक. कसोटीत तर २०१९ पर्यंत खेळाडूंच्या पाठीवर नाव-क्रमांकच नसायचे. हेल्मेट घातलेला शॉर्ट लेग कोण, हे उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखावं लागे. फोटोओळ नीट असली तरच फोटो वर्षांनंतर सापडतो. लायफरचं अली-लिस्टन चित्र त्या वेळी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या मुखपृष्ठावर आलं नव्हतं, आतल्या पानात छापलं गेलं होतं. त्याचं मोल पुढे वाढत गेलं. अनेक फोटोग्राफरांची मिळकत अशा जुन्या साठ्यावर टिकून असते.

त्यासाठी साठा स्वतःच्या मालकीचा हवा, आणि इथे आपल्याकडचा सगळ्यात महागडा गैरसमज आहे: ज्याने काढला त्याचा फोटो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम सरसकट असं म्हणत नाही. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक सांगणारा ठरतो. नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंवरही, उलट करार नसल्यास, पहिला हक्क नोकरी देणाऱ्याचाच. वृत्तपत्राच्या नोकरीत तो प्रसिद्धीपुरता. उलट स्वतःच्या खर्चाने मैदानात जाऊन काढलेला फोटो फोटोग्राफरचा. म्हणजे सामन्याच्या फोटोंचा तो मालक असू शकतो आणि त्याच खेळाडूच्या, त्याच आठवड्यात पैसे घेऊन केलेल्या व्यक्तिचित्रांचा नसू शकतो. ब्रिटनने हा नियम १९८८ च्या कायद्याने बदलून हक्क फोटोग्राफरकडे दिला. आपल्याकडे तो तसाच आहे. पैसे देणाऱ्याने हक्क मागू नयेत असं मी म्हणत नाही. लग्नाचे किंवा घरच्यांचे फोटो फोटोग्राफरने परस्पर विकू नयेत हे कुणालाही पटेल. पण व्यावसायिक कामात ही तरतूद न वाचता तोंडी व्यवहार होतात, आणि एका दिवसाच्या मानधनात वर्षानुवर्षांचा वापर हातचा जातो. कायद्यात ‘उलट करार नसेल तर’ ही सवलत आहे. काम घेतानाच हक्क कुणाचा, वापर कुठे आणि किती काळ, नाव छापायचं की नाही, हे चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, तर त्या सवलतीचा उपयोग होतो.