चांदणी चौक : पडद्यावरचा आणि पायाखालचा

नागपूरची मावशी दिल्लीच्या स्टेशनवर उतरली तीच एक हट्ट घेऊन. लेकीच्या स्वागत समारंभाचा लेहंगा घ्यायचा, तर चांदणी चौकातूनच! हा चौक तिने कधी पाहिलेला नव्हता, तरी तिला तो तोंडपाठ होता. 'कभी खुशी कभी गम'मधलं ते मिठाईचं दुकान, रंगीत सज्जे, गाण्यावर नाचणारी गल्ली... "तसंच असणार ना गं सगळं?" तिने मेट्रोत बसल्या बसल्या विचारलं.

तिचा विरस करणं जिवावर आलं, पण सांगावं लागलं. २००१ सालच्या त्या चित्रपटातला चांदणी चौक म्हणजे मुंबईच्या चित्रनगरीत उभारलेला सेट होता. २००९ सालच्या 'दिल्ली-६'ने तर या भागाचा पिन कोडच नावात घेतला, पण त्यातल्या बहुतेक गल्ल्या राजस्थानातल्या सांभर गावी सजवलेल्या. सुभाष घईंचा 'ब्लॅक अँड व्हाइट' (२००८) आणि ऋषी कपूरचा 'राजमा चावल' (२०१८) यांनी मात्र कॅमेरा खऱ्या गल्ल्यांत नेला. मावशीने ते दोन्ही पाहिले नव्हते. "म्हणजे मी आजवर मुंबईच बघत होते की!" ती म्हणाली.

चित्रपटवाले सेट का उभारतात, हे मेट्रो स्थानकाबाहेर पहिल्या पन्नास पावलांत कळतं. डोक्यावरून गाठोडी वाहणारे हमाल, सायकलरिक्षा, हातगाड्या आणि विजेच्या तारांचं जाळं. कॅमेऱ्याची तिकाटी ठेवायला जागा कुठून आणायची? मुख्य रस्ता मात्र आता पुष्कळच सुसह्य झाला आहे. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा हा सुमारे सव्वा किलोमीटरचा पट्टा २०२१ साली नव्याने बांधून काढला आणि सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी घातली. एखादी दुचाकी तरीही घुसतेच, पण लाल दगडी फरसबंदीवरून मावशीसारख्या गुडघे धरून चालणाऱ्या बाईलाही चालता येतं, बसायला बाकडी आहेत.

शाहजहानची लेक जहाँआरा बेगम हिने सतराव्या शतकात हा बाजार आखला. रस्त्याच्या मधोमध कालवा वाहत असे आणि एका चौकात मोठं तळं होतं. त्यात चांदणं पडायचं म्हणून हे नाव. तळं केव्हाच बुजलं, नाव मात्र अख्ख्या रस्त्याला चिकटलं.

पहिला धडा तिसऱ्या मजल्यावर

स्थानकाबाहेर "दीदी, लेहंगा? एक नंबर माल!" म्हणत एक मुलगा मागे लागला आणि आम्ही, कबूल करायला लाज वाटते, त्याच्या मागे गेलो. तीन जिने चढल्यावर एका दुकानात गादीवर बसवलं, थंड पेय दिलं आणि एका नटीने म्हणे अमक्या चित्रपटात नेसलेला लेहंगा पुढे पसरला. किंमत बेचाळीस हजार. आम्ही गप्प राहिलो, तर दहा मिनिटांत एकोणीस हजार झाली! मावसबहिणीचे डोळे चमकत होते. मावशीने मात्र एक शब्दही न बोलता कापड उलटं केलं. वरून लखलखणाऱ्या टिकल्यांना मागे टाकाच नव्हता. सगळं डिंकाने चिकटवलेलं!

"घामाच्या पहिल्या धारेला गळेल हे," मावशी उठली. मावसबहीण हिरमुसली. जिना उतरताना दोघीही बोलेनात. पाच वर्षं भिशी भरून जमवलेले पैसे पर्समध्ये, सुट्टीचा एकच दिवस, आणि लेकीच्या मनातला तो लेहंगा वर राहिलेला.

तुम्हीही खरेदीला जाणार असाल तर एवढं करा : दलालाबरोबर जाऊ नका, भरतकाम मागून बघा आणि उसवून पुन्हा शिवायला आत किती कापड सोडलंय ते विचारा. रविवारी बाजार बंद असतो.

रुसवा काढायला त्यांना लाल किल्ल्याच्या दिशेने घेऊन गेले. तिथलं गौरीशंकराचं मंदिर शिंद्यांच्या पदरी असलेल्या आप्पा गंगाधर या मराठी माणसाने बांधलं असं सांगतात. मावशीने तिथे हात जोडले आणि तिचा चेहरा जरा निवळला. थोडं मागे येऊन दरीबा कलानच्या कोपऱ्यावर कढईतून निघालेली जाडजूड जिलबी खाल्ली. आपल्या जिलबीपेक्षा दुप्पट जाड आणि तुपात तळलेली. एका माणसाला एक पुरते. दरीब्यात चांदीची जोडवी घेतली, वजन आणि शुद्धता लिहिलेल्या पावतीसकट.

किनारीचा बाजार

दरीब्यातून आत वळलं की किनारी बाजार. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं, एवढी रुंदी. पण दोन्ही बाजूंना गोटा, जर, लेस, झालरी, नवरदेवाचे सेहरे, नोटांचे हार! इथेच मावशीने पिशवीतून तिचा स्वतःचा शालू काढला. जुळणारी ओढणी बघायची म्हणून तिने तो बरोबर आणला होता. अंगाचं रेशीम अजून लखलखीत, काठाची जर मात्र काळवंडून उसवलेली.

दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी शालू हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "कपड़ा तो अब ऐसा मिलेगा नहीं. किनारी बदल दीजिए." मावसबहिणीने शालू अंगाला लावून आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "याचाच लेहंगा शिवला तर?" ती हळूच म्हणाली. मावशी आधी "माझ्या लग्नाचा शालू कापायचा?" म्हणून बिथरली, आणि मग स्वतःच गोट्याचे नमुने रेशमावर धरून बघू लागली. लेस तिथे पुष्कळ दुकानांत सुटी मिळत नाही, नऊ मीटरचा अख्खा गुंडाळा घ्यावा लागतो. ओढणी, गोटा, अस्तर सगळं मिळून खर्च चार हजारांच्या आत!

आता भूक कडकडून लागली होती. तिथून पराठेवाली गल्ली दोन पावलांवर. हा पराठा तव्यावर भाजत नाहीत, लोखंडी कढईत तळतात. त्यामुळे तो आपल्या पुरीचा थोरला भाऊ वाटतो. कांदा-लसूण नाही. सारण बटाट्यापासून पापड आणि रबडीपर्यंत कशाचंही. सोबत भोपळ्याची भाजी आणि आंबटगोड चटणी. खरं सांगायचं तर पहिला पराठा अप्रतिम, दुसरा जड. तिघींत तीन वेगळे मागवून वाटून खावेत.

डिसेंबर असल्याने 'दौलत की चाट' मिळाली. नाव चाट, पण आंबट-तिखट काही नाही. रात्रभर थंडीत ठेवलेलं दूध घुसळून काढलेला हा केशरी फेस, वर पिठीसाखर आणि पिस्ते. उन्हाळ्यात तो टिकतच नाही. मावशीने चमचा तोंडात घातला, थांबली आणि म्हणाली, "हे खायचं की हुंगायचं?" पण द्रोण चाटूनपुसून संपवला.

परवा तिचा फोन आला. शालू शिंप्याकडे गेलाय. लेहंग्याला साडेसात मीटर गोटा लागला. उरलेला दीड मीटर आपल्या ब्लाउजला लावायचा असं मावशी म्हणते, लेकीला तो बटव्यासाठी हवाय. भांडण चालू आहे.