शाळेचे ब्रीद आणि मास्तरांचा पगार

कोणत्याही माध्यमिक शाळेत दर्शनी भिंतीवर ब्रीदवाक्य असते, मुख्याध्यापकांच्या खोलीत ढाली-करंडक असतात आणि कपाटात शाळा विकास आराखडा असतो. ओळख, यश आणि सुधारणा ही त्रयी कागदावर सगळ्यांकडेच असते. ती खरी किती, हे तपासायचे कसे? मला याचे उत्तर पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या पहिल्या दशकात सापडते. या शाळेची मूल्ये भाषणांपेक्षा शिक्षकांच्या वेतनाच्या नियमात अधिक स्पष्ट दिसतात, असे माझे प्रतिपादन आहे.

१ जानेवारी १८८० रोजी शाळा सुरू झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतील नोकरी सोडून आले होते. टिळकांकडे कायद्याची पदवी होती. जोडीला महादेव बल्लाळ नामजोशी होते. पुढे संस्कृत कोशकार म्हणून नावाजलेले वामन शिवराम आपटे लवकरच येऊन मिळाले आणि १८८१ मध्ये आगरकर आले. यांतील बहुतेकांना सरकारदरबारी चांगल्या पगाराची जागा सहज मिळाली असती. त्यांनी अल्प वेतन पत्करले, त्यामागे रोकडा हिशेब होता. शिक्षक कमी घेतील तरच फी कमी ठेवता येईल, आणि सरकारी पगाराचे मिंधेपण नसेल तरच आपल्या मताने शिकवता येईल. नाव ‘इंग्लिश’, विद्या पाश्चात्त्य. पण कारभार स्वतःचा, ही शाळेची ओळख होती.

यश लवकर आले. मॅट्रिकच्या परीक्षेतील संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सुरुवातीच्या वर्षांतच शाळेच्या विद्यार्थ्याने मिळवली. १८८२ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनी शाळा पाहून तिची वाखाणणी केली. मला मात्र त्याच वर्षातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. मार्चमध्ये चिपळूणकर अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारले. जुलैत कोल्हापूर प्रकरणातील लेखनावरून टिळक-आगरकरांना शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तरीही शाळा चालू राहिली. संस्था व्यक्तींवर अवलंबून नाही, हे तिसऱ्याच वर्षी सिद्ध झाले.

सुधारणेचा आराखडाही होता. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. आजीव सदस्याने वीस वर्षे सेवा द्यायची आणि दरमहा ७५ रुपयांच्या आसपास वेतनात भागवायचे, अशी घडी पुढे बसली.

याच घडीत ठिणगी पडली. आजीव सदस्याचा सारा वेळ संस्थेचा, त्याने बाहेरची कामे आणि मिळकत टाळावी, असे टिळकांचे म्हणणे. संसार वाढलेल्या इतरांना हा नियम जाचक वाटे. १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, तेव्हा वाद शिगेला पोहोचला आणि त्याच वर्षाअखेर टिळक बाहेर पडले. या फुटीची कथा आपण सामाजिक सुधारणेच्या वादातून सांगतो. तो वाद होताच. पण संस्थेच्या आतला प्रश्न होता तो त्यागाचा नियम कितपत ताणायचा, हा. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती, म्हणून तर तो सुटला नाही.

या शाळेचे गोडवे गाताना एक उणीव विसरता येत नाही. तिचा आराखडा मुलग्यांपुरता होता. १८८४ मध्ये हुजूरपागेत मुलींचे हायस्कूल निघाले ते रानडे आदी मंडळींच्या पुढाकाराने, आणि तिथल्या अभ्यासक्रमाला टिळकांनी विरोध केला. ओळख जितकी ठसठशीत, तितकेच तिच्या कुंपणाबाहेर कोण राहिले हेही विचारायला हवे.

आज हा इतिहास समारंभात सांगितला जातो, तेव्हा एक गल्लत होते. त्या शिक्षकांनी अल्प वेतन स्वतः निवडले होते, आणि संस्थेचा कारभारही त्यांच्याच हाती होता. आज विनाअनुदानित शाळेत किंवा तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तुटपुंजा मोबदला मिळतो, तो त्याने ठरवलेला नसतो. कारभारात त्याला आवाजही नसतो. त्याला त्याग म्हणणे ही १८८० च्या वारशाची विटंबना आहे. म्हणून शाळेचा विकास आराखडा हाती आला, तर मी आधी शिक्षकांच्या वेतनाचे पान उघडीन. भिंतीवरचे ब्रीद नंतर वाचता येईल.